निष्ठेचें मोजमाप

आमचा पुतण्या पुण्यास एका कंपनींत नोकरीस आहे. गेल्या महिन्यांत तो जुन्नरास घरीं आला, तेव्हां कचेरीनें पाठविलेली एक प्रश्नावली भरीत बसला होता. संस्था आपलीशी वाटते काय, तेथें काम करण्याचा अभिमान वाटतो काय, असे प्रश्न. आणि प्रत्येकापुढें १ पासून ७ पर्यंत गुण द्यावयाचे. त्यानें सर्वत्र ७ लिहिले. कारण विचारतां हसून म्हणाला, “काका, वर नांव लिहावें लागतें, आणि घराचे हप्ते अजून १४ वर्षें आहेत!”

यास निष्ठा म्हणावें काय? कॅनडांतील मेयर आणि ॲलन या विद्वानांनीं १९९१ सालीं निष्ठेचीं तीन अंगें सांगितलीं : प्रेमानें राहणें, सोडल्यास नुकसान होईल म्हणून राहणें, आणि कर्तव्य म्हणून राहणें. हीं तिन्ही निरनिराळ्या प्रश्नांनीं मोजावयाचीं असतात. हजेरीपटावर मात्र तिन्हींची खूण एकच. आम्हीं ३० वर्षें शाळेचा हजेरीपट पाहिला. त्यावरून एकाहि शिक्षकाचें मन आम्हांस वाचतां आलें नाहीं.

आमच्या शेजारच्या आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव ३० जुलै २०१४ रोजीं दरडीखालीं गाडलें गेलें. त्या मार्गानें गेलेल्या एस. टी. च्या चालकास गांव जागेवर दिसेना. त्यानें ती वार्ता कळविली, तेव्हां जगास समजलें. ही दक्षता कोणत्या प्रश्नावलींत मोजावी? याच एस. टी. चे हजारों कर्मचारी २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत संपावर होते. महामंडळ राज्य शासनांत विलीन करावें, ही त्यांची मागणी. खेड्यापाड्यांतील विद्यार्थ्यांचे त्यांत हाल झाले, हें खरें. पण तेवढ्यावरून त्यांची निष्ठा संपली, असें आम्हांस म्हणवत नाहीं. नोकरी सोडून न जातां तिच्यासाठीं भांडणारा मनुष्य संस्थेशीं बांधलेलाच असतो. तें बंधन प्रेमाचें कीं पोटाचें, हें बाहेरून कसें ठरवावें?

मोजणारांनीं मोजावें, पण नांव न विचारतां मोजावें, आणि संस्थेनें नोकराची काळजी किती घेतली, हाहि प्रश्न सोबत घालावा. घरांतील वडील माणसांनींहि ‘नोकरी ठीक आहे ना?’ एवढ्यावर न थांबतां ‘तेथें मन रमतें ना?’ असें पुसावें. आम्हीं त्या रात्रीं पुसलें. पुतण्या बराच वेळ बोलत बसला होता.