दोस्तीत देव आणायचा नसतो?

माझी डिग्री २०१९ ची. अमरावती विद्यापीठ, कम्प्युटर सायन्स, कॉलेज बुलडाणा जिल्ह्यातलंच. त्या वर्षाच्या उत्तरार्धात मी पुण्याला नोकरीला लागलो आणि पुढच्या सहा महिन्यांत दोन माणसांनी मला एकच गोष्ट दोन टोकांवरून सांगितली. पहिला माझा चार वर्षांचा हॉस्टेलमधला रूम पार्टनर. तो म्हणाला, "दोस्तीत धर्म मधात आणू नोको लेका." दुसरा पुण्यातल्या एका ख्रिस्ती तरुणांच्या प्रार्थना गटाचा पुढारी. तो म्हणाला, "ब्रदर, जगातल्या मित्रांत किती गुंतायचं याचा विचार कर." एकाला माझी श्रद्धा मैत्रीच्या बाहेर हवी होती, दुसऱ्याला माझी मैत्री श्रद्धेच्या बाहेर. दोघंही भले आहेत. दोघंही चुकत आहेत, आणि दोघांची चूक एकच आहे, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी हा लेख.

मी खामगावचा. आमचं घर तिसऱ्या पिढीपासून ख्रिस्ती. आम्ही 'जय ख्रिस्त' म्हणतो, रविवारी उपासनेला जातो, 'उपासना संगीत'मधली गाणी पेटीवर म्हणतो आणि घरी ठेचा-भाकर खातो. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पंचवीस लाखांच्या वर होती. त्यात आम्ही इतके थोडे की कॉलेजच्या पहिल्या दिवशी आडनाव ऐकून कुणालाच शंका आली नाही. डिसेंबरात कळलं. तेव्हापासून माझ्याकडे एकच खातं आलं, केक आणायचं.

हॉस्टेलात आम्ही एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायचो. माझा रूम पार्टनर 'मेहकर', पलीकडच्या खोलीत 'मलकापूर' आणि 'लोणार', मी 'खामगाव'. चार वर्षांत मी काय काय केलं ते सांगतो. दसऱ्याला लॅबमधल्या कम्प्युटरला हार घातले. गणपतीच्या आरतीला टाळ धरला. प्रकटदिनाला शेगावात महाप्रसादाच्या पंगतीत बसलो. होळीच्या दिवसांत मित्रांबरोबर सैलानीच्या यात्रेत गेलो. तिसऱ्या वर्षी गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत आली तेव्हा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा पायी चाललो. वऱ्हाडातल्या माणसाला त्या वाटेबद्दल सांगायला नको. सतराएक किलोमीटर, रस्ताभर माणूसच माणूस, दर शंभर पावलांवर कुणी चहा देतंय, कुणी केळी, कुणी पाय चेपून देतंय. मेहकरच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून आम्ही दोघं एकेक चप्पल घालून चाललो.

हे सगळं मी ओझं म्हणून केलं नाही. मला आवडलं. मुद्दा वेगळाच आहे. या चार वर्षांत एकदाही कुणी म्हटलं नाही की दोस्तीत धर्म आला. हार, आरती, पंगत, पालखी, यांना धर्म म्हणतच नाहीत. त्यांना 'आपलं' म्हणतात, 'संस्कृती' म्हणतात, नाहीतर काहीच म्हणत नाहीत. धर्म हा शब्द कपाटातून बाहेर निघाला तो फक्त एकदा, माझ्यामुळे.

तो प्रसंग असा. २०१९ चा डिसेंबर. मेहकरच्या वडिलांना अकोल्याच्या एका दवाखान्यात भरती केलं होतं. मी नाताळाला खामगावला आलो होतो, मेहकर पुण्याहून निघायचा होता. मी आधी पोहोचलो. रात्रभर काकूंबरोबर बसलो. पहाटे डॉक्टर येऊन काहीतरी बोलून गेले, ते आम्हा दोघांनाही नीट कळलं नाही. काकू म्हणाल्या, "बाबू, तुह्या देवालेही सांगजो." मी काकांच्या पायाशी उभा राहून डोळे मिटले आणि हळू आवाजात प्रार्थना केली. मराठीत. दोन मिनिटं लागली असतील. शेजारच्या खाटेवरचे लोक बघत होते.

काका बारा दिवसांनी गेले. तेरवीला मेहकरच्या एका चुलतभावानं चार लोकांत मला विचारलं, "प्रार्थनेचे किती भेटतात महिन्याले?" लोक हसले. मेहकर तिथंच होता. तो हसला नाही, पण बोललाही नाही. संध्याकाळी बसस्टँडवर सोडायला आला तेव्हा त्यानं ते वाक्य म्हटलं, दोस्तीत धर्म मधात आणू नोको.

पुण्याला परत आल्यावर गटात मी हे सांगितलं. सांत्वन हवं होतं. पुढाऱ्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना सुवार्ता सांगितलीस का? तारणाबद्दल बोललास?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "संधी होती, ब्रदर. नुसती प्रार्थना करून काय उपयोग?"

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. चुलतभावाला वाटलं, या प्रार्थनेमागे काहीतरी व्यवहार असणार. पुढाऱ्याला वाईट वाटलं, की व्यवहार झालाच नाही. ख्रिस्ती माणूस दुसऱ्याच्या खाटेशी उभा राहतो तो काहीतरी पदरात पाडून घ्यायला, यावर दोघांचं एकमत आहे. एकाला त्याची भीती वाटते, एकाला त्याचा अभिमान. माझा राग या एकमतावर आहे.

चुलतभावाचा संशय हवेतून आलेला नाही, हे मी आधी मान्य करतो. १८९६-९७ आणि त्यानंतर १८९९-१९००, असे दोन दुष्काळ वऱ्हाडानं पाठोपाठ पाहिले. छप्पनचा दुष्काळ म्हणून दुसरा अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. त्या काळात अमेरिकन मिशनरी या भागात काम करत होते, अनाथ मुलं सांभाळत होते. आमच्या घरात सांगतात की पणजी अशीच पोरकी मिशनच्या दारात आली. तिला तिथं भाकर मिळाली आणि पुढे बाप्तिस्माही. भाकर आणि बाप्तिस्मा एकाच घरात मिळाले तर त्यातलं कुठलं तिनं निवडलं, हे आज कुणी सांगू शकत नाही. मी त्याची लाज बाळगत नाही, कारण उपाशी पोरीला आत घेणारं दार तेवढं एकच उघडं होतं. पण प्रश्न खोटा आहे असंही मी म्हणणार नाही.

तो प्रश्न सरकारी दप्तरातही आहे. १९५६ पर्यंत बुलडाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता. त्या सरकारनं १९५४ साली नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. १९५६ च्या अहवालात शाळा, दवाखाने आणि पैसा यांचा धर्मांतरासाठी वापर होतो असा ठपका आला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. ठीक. आमिष दाखवून, धाक घालून कुणाचा देव बदलू नये, हे मला न्यायालयानं सांगण्याआधीच पटलेलं आहे. पण दवाखान्यात आईच्या सांगण्यावरून केलेली दोन मिनिटांची प्रार्थना कुठल्या कलमात बसते? कायदा वागणुकीची चौकशी करू शकतो. संशयाला मात्र चौकशी लागत नाही, आडनाव पुरतं.

आणि हा संशय शिकलेल्यांत नसतो, असं कुणी समजू नये. माझी डिग्री हातात आली त्याच वर्षी, २०१९ मध्ये, फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले. वसईचा माणूस, आयुष्यभर मराठीत लिहिलेला, 'सुवार्ता' मासिकाचा संपादक. तरी धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला, धमक्यांचे फोन गेले. जानेवारी २०२० मध्ये संमेलन झालं. मी ते भाषण पुण्यातल्या फ्लॅटवर मोबाईलवर ऐकत होतो. ज्या भाषेत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फादर स्टीफन्सनी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचलं, ज्या भाषेतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चं नाव घेतात, त्या भाषेत ख्रिस्ती माणसाला चारशे वर्षांनंतरही विचारतात, तुम्ही इथं कसे?

आता माझ्या मंडळींकडे वळतो, कारण इथं राग जास्त घरचा आहे.

आमच्याकडे लहानपणापासून 'साक्ष' हा शब्द ऐकवतात. साक्ष म्हणजे पाहिलं ते सांगणं. कोर्टात साक्षीदार निकाल आपल्या बाजूनं लागावा म्हणून बोलू लागला तर त्याला साक्षीदार म्हणत नाहीत, वकील म्हणतात. शहरातल्या तरुण गटांत आम्हाला वकील व्हायला शिकवतात. कितीजणांशी बोललास, कितीजण आले, याचा हिशोब. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, टार्गेट आणि डॅशबोर्ड मला नवे नाहीत. सोमवार ते शुक्रवार ते पुरेसे असतात. मित्राचा बाप मरत असताना मला तो आकडा दिसू लागला, तर माझ्या श्रद्धेला किड लागली असं मी समजेन.

आणि ते विजोड जुवाचं वचन. पौलाच्या पत्रातलं ते वचन काढून मला सांगितलं गेलं की अविश्वासी लोकांशी जोडी करू नये. मी शेतकऱ्यांच्या जिल्ह्यातला आहे. जू बैलांच्या मानेवर धनी ठेवतो, आणि जोडी विजोड असली तर एकाला दुसऱ्याला ओढावं लागतं. मैत्रीत कुणी कुणाला ओढत नाही, म्हणून ते जूच नाही. येशूनं शेवटच्या रात्री शिष्यांना सांगितलं की मी तुम्हाला दास म्हणत नाही, मित्र म्हणतो. हे सांगताना त्यातला एक थोड्या वेळानं आपल्याला ओळखही देणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं त्याला मित्रांतून वगळलं नाही. मग आम्ही कोण वगळणार?

आमच्यातच याचं उत्तर देऊन गेलेली माणसं आहेत. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. त्यांची ताटातूट झाली, पुन्हा भेट झाली, आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो सुमारे पाच वर्षांनी. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला माहीत आहे की त्या घरात धर्म हा गप्प बसायचा विषय नव्हता. रडणं होतं, भांडणं होती, थट्टा होती. जातिभेद देवानं केलेला नाही हे त्यांना आधी स्वतःच्या विचारानं पटलं, ख्रिस्ती होणं मागून आलं. टिळक तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं मानत आणि ते लपवत नसत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. पगार घेऊन देवाबद्दल बोललं की ऐकणारा पगारच ऐकतो, हे त्यांना कळलं असावं. चुलतभावाचा तेरवीतला प्रश्न टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता.

कुणी म्हणेल, कॉलेजनंतर दोस्ती तशीही विरतेच. नोकऱ्या, लग्नं, ईएमआय. त्यात धर्माला कशाला धरता? बरोबर आहे, मलकापूर आणि लोणार असेच विरले, त्याचं मला दुःख आहे पण तक्रार नाही. मेहकर विरला नाही. तो एका वाक्यावर थांबला. कॉलेजात आपण सगळे एकाच मेसचं खातो, एकाच बॅकलॉगला रडतो, म्हणून न बोलताही भागतं. ते संपल्यावर प्रत्येकाला ठरवावं लागतं की आपण कशावर उभे आहोत. आई-बाप आजारी पडतात, पोरं होतात, नोकऱ्या जातात. नेमक्या त्याच वर्षांत मित्राला म्हणायचं की तुझ्या मनात सर्वांत खोल जे आहे ते सोडून बाकी सगळं घेऊन ये, ही कसली दोस्ती?

म्हणून मित्रांना सांगणं आहे. तुमचा देव दोस्तीत होताच आणि तो मला चालला. माझाही चालवून घ्या. संशय आला तर तोंडावर विचारा, "तू आम्हाला बदलायला आला आहेस का?" मी उत्तर देईन. मला खरोखर वाटतं की ख्रिस्त खरा आहे, आणि तुम्हाला तो पटला तर मला आनंद होईल. तुम्हाला तुमचा देव मला पटावासा वाटतो, तितकंच हे सरळ आहे. नाही पटला तरी मी अकोल्याला येईन. आणि मंडळींना सांगणं आहे की मित्रांना पीक समजू नका. कापणीच्या वेळीच शेतात दिसणाऱ्याला आमच्याकडे शेतकरी म्हणत नाहीत.

काकांच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास काकूंचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या दिवशी काय मांगतलं होतं रे तू?" मी सांगितलं की काकांना दुखू नये आणि पोरगा वेळेत पोहोचावा, एवढंच मागितलं होतं. मेहकर त्या दिवशी दुपारी पोहोचला होता, बाप-लेकाचं बोलणं झालं होतं. काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्याले सांगत काऊन नाहीस?"

मेहकर, तू हे वाचशील की नाही माहीत नाही. सांगतो आहे.