कात्यायन पाणिनीचा वैरी होता काय?

पाणिनि, कात्यायन व पतंजलि या तिघांस वैयाकरण ‘मुनित्रय’ म्हणतात. पाणिनीनें सूत्रें रचिलीं, कात्यायनानें त्यांवर वार्तिकें लिहिलीं, आणि पतंजलीनें या दोहोंचा परामर्श घेऊन महाभाष्य निर्मिलें. परंतु कात्यायनानें पाणिनीच्या सूत्रांवर इतके आक्षेप घेतले, ते कोणत्या बुद्धीनें, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकांत जर्मन पंडितांपुढें उभा राहिला.

क्योनिग्सबर्ग येथें १८२१ सालीं जन्मलेले थिओडोर गोल्डस्टुकर हे लंडन येथें संस्कृताचे अध्यापक होते. १८६१ सालच्या आपल्या पाणिनिविषयक ग्रंथांत त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, कात्यायन हा पाणिनीचा विवरणकार नसून दोषैकदृष्टि प्रतिपक्षी होय. पाणिनीची बाजू राखली ती पतंजलीनें.

या मतास उत्तर मिळालें तें आपल्या पुण्यांतून. ओस्नाब्रुकचे फ्रान्झ कीलहॉर्न (१८४०–१९०८) हे १८६६ सालीं डेक्कन कॉलेजांत अध्यापक म्हणून आले. त्यांनीं वाद घालण्यापूर्वीं एक नीरस भासणारें काम हातीं घेतलें: भाष्याच्या प्रवाहांत मिसळून गेलेलीं वार्तिकें वेगळीं काढणें. पतंजलि बहुधा वार्तिक देऊन लागलीच त्याचाच अर्थ स्वतःच्या शब्दांत उलगडतो. ही खूण धरून कात्यायनाचे शब्द कोणते व पतंजलीचे कोणते, हें त्यांनीं निवडलें.

निवड होतांच चित्र पालटलें. ज्या आक्षेपांवरून कात्यायनास वैरी ठरविलें, त्यांपैकीं कित्येकांचें निरसन ‘न वा’, ‘सिद्धं तु’ अशा शब्दांनीं आरंभ करून स्वतः कात्यायनच करितो! जेथें निरसन होत नाहीं, तेथेंच तो सूत्रांत दुरुस्ती किंवा भर सुचवितो. उलट, पाणिनीचा कैवारी म्हणून गाजलेला पतंजलि प्रसंगीं सबंध सूत्रच अनावश्यक ठरवितो. १८७६ सालीं मुंबईस छापलेल्या लहानशा इंग्रजी पुस्तकांत कीलहॉर्न यांनीं हें मांडिलें. वार्तिककारानें उक्त, अनुक्त व दुरुक्त या तिहींचा विचार करावयाचा, हें आपल्या परंपरेचें लक्षणहि याच निर्णयास पोषक आहे.

पुढें १८८० ते १८८५ या काळांत त्यांची महाभाष्याची आवृत्ति तीन खंडांत निघाली. दरम्यान १८८१ सालीं पुणें सोडून ते गटिंगेनच्या विद्यापीठांत गेले होते.

वडिलांच्या वचनांतील उणीव घरांतल्या धाकट्यानें दाखविली कीं आपण चटकन् त्यास उद्धट म्हणतों. तो बोलला काय एवढेंच आपण ऐकतों. आक्षेपामागून येणारें त्याचें ‘न वा’ ऐकावयास थांबत नाहीं. ज्यानें एकेक सूत्र इतक्या बारकाईनें तपासलें, त्याच्याइतका पाणिनीचा आदर दुसऱ्या कोणीं केला असेल?

कीलहॉर्न यांच्या वांट्यासहि हा सन्मान आला. १९६२ पासून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें काशीनाथ वासुदेव अभ्यंकर यांच्याकडून त्यांची आवृत्ति तपासून घेऊन पुनः छापली. ग्रंथ दुरुस्त करावयास कोणी बसतो, तो ग्रंथ त्यास जपण्याजोगा वाटतो म्हणूनच.