समजून घ्या : चित्रकलेच्या ग्रेडला ७ गुण, पण मुलांना बघायला कधी शिकवणार?

सातारा-सांगलीतील शाळांमध्ये एलिमेंटरी, इंटरमिजिएट म्हटले की पहिला प्रश्न असतो तो गुणांचा. इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यास श्रेणीनुसार दहावीत ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात. त्यामुळे चित्रकलेची किंमत वाढली, हे चांगलेच. मात्र स्मरणचित्रासाठी आठवडी बाजार, बसस्थानक अशी चार-पाच दृश्ये घोटून घेतली, की चित्रही पाठांतराचा विषय होतो.

यथार्थदर्शन म्हणजे काय?

सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याची पद्धत. दूरच्या वस्तू लहान होतात, दूर जाणाऱ्या समांतर रेषा लयबिंदूत मिळतात. फळ्यावर हा नियम कोरडा वाटतो. मुलांना वाईत ढोल्या गणपतीजवळच्या घाटावर न्या. पायऱ्यांच्या कडा लांबवर एकमेकींकडे सरकताना दिसतील. आधी उभे राहून, मग बसून पाहायला सांगा. डोळ्यांची पातळी उतरते, तसा लयबिंदूही खाली येतो. पट्टी न लावता नियम कळतो.

रंगांचे काय?

कासच्या रस्त्यावरून मागचे डोंगर फिके, निळसर होत जातात. म्हणजे रंगही अंतर सांगतो. पण तो भावनाही सांगतो. २०१९ च्या महापुरात सांगलीत घरात शिरलेले पाणी पाहिलेल्या मुलाची नदी निळीच का असावी? ओल्या कागदावर रंग वाहू द्यायचा की कोरड्या ब्रशने घासायचा, हे त्याला ठरवू द्यावे.

औंध काय शिकवते?

स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये औंधला श्री भवानी संग्रहालय उभारले. तिथे राजा रविवर्मांची हुबेहूब चित्रे आहेत आणि हेन्री मूर यांचे माता-बालकाचे शिल्पही. एकात शरीराचे प्रमाण सांभाळलेले, दुसऱ्यात जाणूनबुजून बदललेले. दोन्ही शेजारी पाहिली, की ‘चुकले’ आणि ‘बदलले’ यातला फरक मुलांना कळतो.

मग करायचे काय?

परीक्षा बंद करण्याची गरज नाही. महिन्यातून एक तास वर्गाबाहेर आणि वर्षातून एक फेरी औंधला, एवढे शाळांना जमू शकते. त्यासाठी शिक्षक मात्र हवा. सहावी ते आठवीचा पट १०० हून अधिक असेल, तर कलेसाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद शिक्षण हक्क कायद्यातच आहे. आपल्या शाळेत तो आहे का, हा प्रश्न पालकांनी पुढच्या सभेत विचारावा. गुणांचा प्रश्न त्यानंतर.