पाड्यावरचे मूल जिल्ह्याला कसे दिसणार?

ग्राम बालसंरक्षण समित्या मोडीत काढाव्यात, असे मत हल्ली जाणत्या म्हणवणाऱ्या वर्तुळांत ठामपणे मांडले जाते. म्हणणे असे : या समित्यांना अधिकार नाहीत, त्या नुसता सल्ला देतात, सरपंच, मुख्याध्यापक आणि अंगणवाडी सेविका यांना या विषयातले काही कळत नाही, बैठका वहीतच होतात. तेव्हा हा पसारा आवरावा, जिल्हा बालसंरक्षण कक्षात तज्ज्ञ माणसे भरावीत आणि 1098 हा बाल-हेल्पलाइनचा क्रमांक भिंतीभिंतीवर रंगवावा. पुरावा म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीकडे बोट दाखवले जाते. उभाडे येथील कातकरी वस्तीवरची, मेंढरे राखायला पाठवलेली दहा वर्षांच्या आसपासची मुलगी 2022 मध्ये बेशुद्धावस्थेत घरापाशी आणून सोडली गेली आणि नाशिकच्या रुग्णालयात तिचा अंत झाला. थोड्याथोडक्या पैशांच्या आणि एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात आणखीही मुले नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबत असल्याचे त्यानंतर उघड झाले. समित्यांचे शासन निर्णय असूनही हे घडले, मग समित्या हव्यातच कशाला, असा हा सवाल आहे.

या सवालामागची कसोटी मान्य करू आणि ती सगळ्यांनाच लावू. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या नेमायला सांगितल्या आहेत. त्यांच्या शिरोभागी जिल्हाधिकारी आणि प्रांत किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात. याशिवाय कामगार विभाग आहे, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, शिक्षण विभाग आहे, पोलीस आहेत. या सर्वांकडे अधिकार आहेत, पगार आहेत, गाड्या आहेत. तरी इगतपुरीचे प्रकरण यांच्यापैकी कुणाच्या तपासणीतून बाहेर आले नाही. ते बाहेर आले एका मुलीच्या मृत्यूनंतर. अपयश आले म्हणून यंत्रणा बरखास्त करायची, तर आरंभ प्रांत कार्यालयापासून करावा लागेल. तसे कुणी सुचवत नाही. बरखास्तीची शिक्षा फक्त सर्वांत खालच्या, बिनपगारी पायरीला द्यायची, या न्यायाला काय म्हणावे? बदलापूरच्या शाळेत 2024 मध्ये चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्यानंतर शाळांमधल्या, विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्या अनेक ठिकाणी कागदावरच असल्याचे दिसले. तेव्हा पालकांनी मागणी केली ती समित्या खरोखर नेमण्याची. पालकांना जे उमगले, ते या मंडळींना उमगू नये याचा खेद वाटतो.

आता तज्ज्ञांविषयी. बालन्याय अधिनियम, 2015 प्रमाणे बालकल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल 24 तासांच्या आत तिच्यापुढे आणावे लागते. व्यवस्था चांगली आहे. पण हे 24 तास मूल कुणाच्या तरी नजरेस पडल्यानंतर सुरू होतात, आणि नजरेस पाडणार कोण? नाशिक जिल्ह्यात 15 तालुके, तेराशेवर ग्रामपंचायती आणि 2011 च्या जनगणनेनुसार 61 लाखांवर माणसे. कक्षात आणखी पन्नास समुपदेशक बसवले तरी सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पाड्यावरून कोणते मूल कालपासून दिसत नाही, हे त्यांना कळणार नाही. हेल्पलाइनचेही तेच. वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतलेला बाप तो क्रमांक फिरवणार नाही, मूल नेणारा फिरवणार नाही, आणि रानात मेंढरांमागे फिरणाऱ्या मुलाच्या हाती फोन नसतो. फोन करू शकते ती सेविका, जिच्या पटावरचे मूल आठवडाभर आले नाही. किंवा तो शिक्षक, ज्याच्या वर्गातली एक जागा दिवाळीनंतर रिकामी राहिली. त्यांनी एकट्याने तक्रार केली तर त्यांना त्याच गावात, त्याच माणसांच्या शेजारी राहायचे असते. समितीचे मोल इथे आहे. ठरावावर दहा सह्या असल्या की एकटीचे धाडस गावाचे काम होते आणि सूड घ्यायला एक नाव सापडत नाही. तज्ज्ञ कितीही वाढवले तरी हे संरक्षण त्या सेविकेला मिळणार नाही.

‘अडाणी माणसांना हे जमणार नाही’ हा आक्षेप तर फारच जुना आहे. गडचिरोलीत 1990 च्या दशकात गावातल्या अल्पशिक्षित बायकांना नवजात बाळे तपासायला शिकवले गेले, तेव्हाही वैद्यकीय क्षेत्रातून नाके मुरडली गेली. त्या गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचा अहवाल 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि घरी जाऊन बाळ तपासण्याची ती पद्धत पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. खेड्यातल्या माणसाच्या बुद्धीवरचा अविश्वास दर वीस वर्षांनी नव्या विषयात डोके वर काढतो आणि दर वेळी त्याला नव्याने उत्तर द्यावे लागते.

उरलेले आक्षेप किरकोळ आहेत. गोपनीयता भंगेल म्हणतात. समितीने खबर द्यायची आहे, प्रकरणाची फाइल वाचायची नाही. सरपंच आपल्या भावकीला पाठीशी घालेल म्हणतात. तर सेविकेचे पत्र सरपंचाच्या सहीवाचून थेट जिल्हा कक्षाला जाऊ द्या.

समित्यांत खरा दोष आहे तो वेगळाच, आणि तो टीकाकारांनी पाहिलेला दिसत नाही. सदस्यांची यादी पदांची आहे : सरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक, सेविका. ही पदे बहुधा गावठाणात राहतात. कातकऱ्यांची वस्ती गावाबाहेर, कधी दुसऱ्याच्या जमिनीवर, आणि वर्षाचे कित्येक महिने भट्टीवर. ज्यांची मुले जातात त्यांचे माणूस समितीत नसेल, तर समितीचे डोळे चुकीच्या दिशेला लागलेले राहतात. म्हणून प्रत्येक पाड्याचा एक प्रतिनिधी, शक्यतो बाई, समितीत सक्तीने असावा. आदिवासी भागांसाठीच्या राज्याच्या 2014 च्या पेसा नियमांनी पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट दिली आहे; जिथे तसे झाले तिथे पाड्याच्या ग्रामसभेला स्वतःची समिती मिळावी. कुटुंब स्थलांतर करताना शाळा शिक्षण हमी कार्ड देते. कार्ड न घेता गेलेल्या मुलांची नावे समितीने महिनाभरात जिल्हा कक्षाला कळवावीत आणि कक्षाने पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. सल्ल्याला उत्तर देणे कुणावरच बंधनकारक नसेल तर बैठकीला कोण येईल? नाशिक जिल्हा परिषदेने इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या चार तालुक्यांत हे यंदाच करावे, आणि दिवाळीनंतर भट्ट्या पेटण्यापूर्वी करावे.