दादा, कळफलक सोडा!

स्त्री-संघटनांच्या कार्यालयांत एक वाक्य इतक्या सहज बोललं जातं की त्यात काही खटकण्यासारखं आहे असं कुणाला वाटतच नाही. "कॉम्प्युटर बंद पडलाय, दादाला बोलवा." हा दादा कधी कोपऱ्यावरच्या दुकानातला असतो, कधी एखादीचा भाचा, कधी देणगीदार संस्थेने पाठवलेला. सातबाऱ्यावर नाव लावून घे, पोलिसांकडून तक्रारीची प्रत मागून घे, सही करण्याआधी कागद वाच, असं आपण बायांना सांगतो. पण ज्या यंत्रात आपल्या सगळ्या नोंदी आहेत त्याचं झाकण उघडायची वेळ आली की आपण माजघरात जाऊन बसतो. मला याविषयी भांडायचं आहे.

आधी हे पाहू की त्या यंत्रात असतं काय. सल्लाकेंद्रात आलेल्या बाईचं नाव, पत्ता, सासरचं गाव. अंगावरच्या वळांचे फोटो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या घटना अहवालांच्या प्रती. घरातून निघून आलेली मुलगी सध्या कुणाकडे राहते त्याची नोंद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार बलात्कारित स्त्रीची ओळख जाहीर करणं गुन्हा आहे. आधीच्या दंडविधानातही तो होता. कायद्याने असं बजावलेलं असताना आपण ते सगळं एका पिशवीत घालून दुकानात सोडून येतो. आमच्या केंद्राचं यंत्र एकदा दुरुस्तीहून परत आलं तेव्हा दुकानदार हसत म्हणाला, "ताई, बऱ्याच भानगडी आहेत की तुमच्याकडे!" त्याचं दुकान ज्या गल्लीत, त्याच गल्लीत आमच्याकडे आलेल्या दोघींची सासरं. "पासवर्ड होता की," असं म्हणून समाधान करून घेऊ नका. साधा पासवर्ड म्हणजे दाराला लावलेली कडी. हार्डडिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की आतलं सगळं वाचता येतं. तिच्यावरचा मजकूरच कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक, करून ठेवला असेल तरच तो सुरक्षित.

दुसरी गोष्ट देणग्यांची. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं नेहमीचं पाठबळ थांबवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालती-बोलती यंत्रं एका तारखेनंतर 'जुनी' ठरली. मोठ्या कार्यालयांतली अशी यंत्रं आता आपल्याकडे येतात, फलक धरून फोटो काढून. नवऱ्याने नवी बायको आणली म्हणून पहिली निरुपयोगी ठरत नाही हे आपल्याला कळतं. मग यंत्राच्या बाबतीत कंपनीचं म्हणणं आपण निमूटपणे का ऐकतो?

ही यंत्रं चालतात. त्यांवर लिनक्स घालायचं, आणि लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी हलका प्रकार निवडायचा. आम्ही 'अँटीएक्स' घेतला. त्याची निवड हा योगायोग नव्हता. डेबियनच्या पायावर उभा असलेला हा संच २००७ पासून ग्रीसमधला एक माणूस 'अँटीकॅपिटालिस्टा' या टोपणनावाने तयार करतो, जगभरचे वापरणारे हात लावतात, आणि पैसे कुणी घेत नाही. त्याच्या आवृत्त्यांना नावं कुणाची आहेत पाहा. सोळावी होंडुरासच्या बेर्ता कासेरेसच्या नावाची: नदीवरच्या धरणाविरुद्ध लढणारी आदिवासी नेती, २०१६ मध्ये घरात घुसून मारली गेली. सतरावी हेदर हायरच्या नावाची: २०१७ मध्ये अमेरिकेत वंशवाद्यांच्या मेळाव्याला विरोध करताना गाडीखाली चिरडली गेली. एकोणिसावी मारिएले फ्रांकोच्या नावाची: रिओची काळी नगरसेविका, १४ मार्च २०१८ ला गोळ्या घालून मारली गेली. यंत्र सुरू करताना अशी नावं दिसणं मला मोलाचं वाटतं.

पण नाव देणं वेगळं आणि जागा देणं वेगळं. हे आपल्याला नवं नाही. देवीचं देऊळ आणि बाईला गाभाऱ्याबाहेर ठेवणं याच देशात चालतं. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात बाया किती आहेत, हे युरोपीय संघाच्या पैशातून झालेल्या एका पाहणीने २००६ मध्ये मोजलं. उत्तर आलं सुमारे दीड टक्का. मालकीच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ज्यांना नफेखोर म्हणून शिव्या घातल्या जातात त्या कंपन्यांत, हेच प्रमाण २८ टक्के होतं. 'स्वातंत्र्य' हा शब्द ओठांवर असलेल्या जगाची ही अवस्था. त्या जगाचे आद्यपुरुष रिचर्ड स्टॉलमन यांनी एका लैंगिक शोषणाच्या प्रकरणावरच्या आपल्या लिखाणामुळे झालेल्या टीकेनंतर २०१९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन सोडलं, आणि मार्च २०२१ मध्ये ते संचालक मंडळावर परत आले. अनेक संस्थांनी निषेध केला, तरी ते परत आले. असे 'परत येणं' आपण पुरोगामी संघटनांतही पाहिलेलं आहे.

आता खालच्या पातळीवर काय घडतं ते सांगते. एका गटाने जवळच्या शहरात लिनक्स शिबिर घेतलं. आम्ही चौघी आमची यंत्रं घेऊन गेलो. मुलं चांगली होती, उत्साही होती, चहासुद्धा त्यांनीच आणला. दुपारच्या जेवणापर्यंत आमच्या चारही कळफलकांवर एकेक मुलगा बसला होता आणि आम्ही चौघी त्यांच्या पाठीमागे उभ्या होतो. संध्याकाळी चारही यंत्रं चालू झाली. कशी झाली, ते आमच्यापैकी एकीलाही सांगता आलं नसतं. पंधरा दिवसांनी एक बंद पडलं तेव्हा पुन्हा दादाच!

हा केवळ आमच्या नशिबाचा भाग नव्हे. व्हॅल हेन्सन, म्हणजे आताच्या व्हॅलरी ऑरोरा, या लिनक्स क्षेत्रातल्या बाईने २००२ मध्ये बायांना लिनक्सकडे कसं आणावं यावर एक मार्गदर्शक टिपण लिहिलं. त्यात बजावलेल्या गोष्टींपैकी एक हीच: बाईच्या हातातून कळफलक काढून घेऊ नका. त्याही आधी डेब रिचर्डसन यांनी 'लिनक्सचिक्स' हा बायांचा गट सुरू केला तेव्हा त्याचे नियम दोनच होते: सभ्यपणे वागा आणि मदत करा. इतका साधा नियम लिहून ठेवावा लागला, यावरून बाहेर काय चालत होतं ते समजावं.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. शिकवणारा कुणीही असो, त्याने हात पाठीमागे बांधायचे आणि तोंडाने सांगायचं. शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या दोन मुली आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका या अटीवर यायला तयार झाले. बोटं आमचीच. नववी शिकलेली आमची एक कार्यकर्ती आज या कामात सगळ्यांत पुढे आहे.

अडचणी आल्या, त्या कुणालाही येतील, म्हणून लिहिते. एका यंत्रावर कुठलंही संकेतस्थळ उघडेना, 'सुरक्षित नाही' एवढाच संदेश. कारण निघालं आतल्या नाण्याएवढ्या सेलचं. तो संपला की यंत्राची तारीख मागे जाते, आणि संकेतस्थळाची आजची ओळखपत्रं त्याला खोटी वाटतात. सेल बदलला, तारीख लावली, काम झालं. दुसऱ्यावर वायफाय दिसेना, कारण त्या कार्डाला लागणारी कंपनीची फाईल संचात नव्हती. मोबाईल वायरने जोडून त्याचं इंटरनेट यंत्राला दिलं आणि ती फाईल उतरवून घेतली. तिसऱ्याचा पडदा सुरुवातीलाच काळा पडे. सुरू होताना येणाऱ्या यादीत 'नोमोडसेट' हा एक शब्द जोडल्यावर तो उजळला. गल्लोगल्लीच्या ऑफिसांत दिसणारा एक छोटा लेझर प्रिंटर मात्र अजून दाद देत नाही, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी एक यंत्र विंडोजवरच ठेवावं लागलं आहे. दोन जीबी मेमरीच्या यंत्रावर अँटीएक्स स्वतः तीनशे एमबीच्या आत भागवतं. पण ब्राउझरमध्ये दहा पानं उघडलीत तर ते गुदमरणारच.

यातून मला कळलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तांत्रिक नाही. मदत मागताना यंत्र कोणतं, काय केलं, त्यानंतर पडद्यावर नेमके कोणते शब्द आले, हे जसंच्या तसं सांगावं लागतं. 'चालत नाही' एवढं सांगून कुणी मदत करू शकत नाही. अहो, हे तर आपलं रोजचं काम! बाईची हकिकत तिच्याच शब्दांत, तारीखवार, आपला अर्थ न घालता लिहून घ्यायला आपण वर्षानुवर्षं शिकलो आहोत. आमच्या कार्यकर्तीने लिहिलेला बिघाडाचा कागद वाचून काका म्हणाले, "आमच्या खात्यात असा रिपोर्ट कुणी लिहीत नव्हतं." यंत्राची माहिती एकत्र काढून देणारी 'इन्क्सी' नावाची एक आज्ञा आहे. तिला 'झेड' हे अक्षर जोडलं की यंत्राची ओळख पटवणारे आकडे ती झाकून टाकते. मदत मागायची पण ओळख द्यायची नाही, ही काळजीही आपल्या ओळखीचीच.

आणि यंत्र आपल्यासारखं करून घेणं? अँटीएक्समध्ये खालच्या पट्टीवर काय दिसावं हे एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं: एका ओळीत नाव, चित्र आणि आज्ञा. आम्ही ती उघडली आणि मराठी नावं लिहायला घेतली. तेव्हा अर्धा दिवस वाद झाला. नोंदींच्या कप्प्याला 'केसेस' म्हणायचं, 'पीडित महिला' म्हणायचं की आणखी काही? शेवटी 'आलेल्या बाया' असं ठरलं. कंपनीच्या यंत्रावर हा वाद झालाच नसता, कारण तिथे शब्द आधीच ठरलेले असतात. मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडला. 'साऱ्या'मधला ऱ्य नीट उमटला तेव्हा टाळ्या पडल्या. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटमधली पत्रं मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन दिसतात. ती बदलून घेण्याचं काम चालू आहे.

"हे शहरी खूळ आहे, आपल्याला मोर्चे आहेत, केसेस आहेत," असं आपल्यातल्याच काही ज्येष्ठ मैत्रिणी म्हणतात. त्यांना मी बांद्याची आठवण करून देईन. मुंबईचं वांद्रे नव्हे, उत्तर प्रदेशातला बांदा जिल्हा. १९९० च्या दशकात महिला समाख्या कार्यक्रमात तिथल्या दलित आणि कोल आदिवासी बाया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरणं हे बायांचं काम आणि पाना धरणं पुरुषांचं, ही वाटणी त्यांनी मोडली. पुढे त्याच भागातल्या बायांनी 'महिला डाकिया' नावाचं स्वतःचं पत्र काढलं. पाना हातात आला म्हणून त्यांचा लढा मागे पडला नाही. आज नोंदी, तक्रारी, पत्रं यंत्रातून जातात. तो आपला हातपंप आहे.

दुसऱ्या बाजूलाही एक सुनावते. मुक्त सॉफ्टवेअरची मंडळी म्हणतात, "दार उघडं आहे, बाया येत नाहीत." रात्री जागून यंत्राशी खेळायला मोकळा वेळ कुणाकडे असतो? भारत सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्यांमध्ये बाया रोज सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुष ९७ मिनिटं त्यात घालवताना आढळले. तुमचं फुकटचं सॉफ्टवेअर कुणीतरी फुकट रांधलेल्या जेवणावर उभं आहे. रविवारी सकाळी नऊला शिबिर ठेवायचं आणि मुलांना सांभाळायची सोय करायची नाही, याला उघडं दार म्हणत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं. प्रत्येक केंद्रात निदान दोघींना यंत्र उघडता, सुरू करता आणि पुन्हा बसवता आलं पाहिजे. त्यातली एक तरी कमी शिकलेली असावी. यंत्र बसवतानाच हार्डडिस्क कुलूपबंद करावी, त्याचा परवलीचा शब्द दोघींकडे असावा आणि बंद पाकिटात कपाटात ठेवावा. तो हरवला तर कुणीही डिस्क उघडू शकणार नाही. नोंदींची दुसरी प्रतही तशीच कुलूपबंद असावी. नोंदी असलेलं यंत्र दुकानात जाणार नाही, गेलंच तर डिस्क काढून ठेवून जाईल. प्रत्येक बिघाड आणि त्याचा उपाय मराठीत एका वहीत लिहिला जाईल, आणि वही गटागटांत फिरेल. शिबिरं आपण घेऊ, दुपारच्या वेळी, पाळणाघरासह. आणि शिकवायला येईल त्याने, दादा असो की ताई, कळफलकाला हात लावायचा नाही.

ज्या गटांना हे पटत नाही त्यांनी पुढच्या अंकात जरूर भांडावं. ज्यांच्याकडे अशी वही आधीच आहे त्यांनी तिची प्रत पाठवावी. आणि त्या छोट्या लेझर प्रिंटरवर कुणाला उपाय सापडला असेल तर तो आधी पाठवावा. आमची छपाई खोळंबली आहे.