देतो ते मुकाट्याने खा

लॉस एंजेलिसला येणारे पाहुणे विचारतात, चांगली सुशी कुठे मिळते? मी सांगतो, लॉन्ड्री आणि डोनटच्या दुकानाच्या मधोमध. यात थट्टा नाही. या शहरात उत्तम जपानी जेवण बहुधा स्ट्रिप मॉलमध्येच सापडतं. रस्त्याच्या कडेला एकमजली दुकानांची बुटकी रांग, पुढे मोजक्या गाड्यांची जागा आणि ती मिळवायला झालेली दाटी. पाटी अशी, की चुकून नजर पडली तर पडली.

स्टुडिओ सिटीत व्हेंचुरा बुलेव्हार्डवर काझुनोरी नोझावा यांचं सुशीचं दुकान १९८७ ते २०१२ अशाच एका रांगेत होतं. काउंटरच्या वर पाटी होती, ‘आजचा खास पदार्थ: माझ्यावर विश्वास ठेवा’. मथितार्थ असा, की मेनू विसरा. शेफ देईल ते, त्याच्याच क्रमाने, पुढ्यात आल्या आल्या खा. कॅलिफोर्निया रोल मागणाऱ्याची तिथे डाळ शिजत नसे, आणि ऐकलं नाही तर बाहेरचा रस्ता दाखवला जाई, असा त्यांचा लौकिक होता. गिऱ्हाईक म्हणजे देव, अशी शिकवण असलेल्या अमेरिकनांना याचं केवढं अप्रूप! सदाशिव पेठेतल्या दुकानांच्या पाट्या वाचत वाढलेल्या माणसाला मात्र हे सगळं घरच्यासारखं वाटतं.

या तऱ्हेवाईकपणामागे कारण होतं, आणि ते माशात नसून भातात होतं. नोझावांचा भात कोमट असायचा आणि हलक्या हाताने वळलेला. दोन मिनिटं गप्पा मारल्या, की तो निवतो, सुटतो, आणि वरचा थंड मासा निराळा पडतो. नोरीचंही तेच. कुरकुरीत समुद्री शेवाळाचा तो पापुद्रा भाताची वाफ लागताच वातड होतो. सुशी हा फोटो काढून मग खायचा पदार्थच नव्हे. ताज्या माशाचं कौतुक सगळेच करतात, पण मी जागा पारखतो ती भातावरून. व्हिनेगर किती, मीठ किती, दाणा अख्खा आहे की लगदा झाला. मासा विकत आणता येतो, भात मात्र रोज नव्याने साधावा लागतो.

गंमत म्हणजे ज्या कॅलिफोर्निया रोलला नोझावांच्या काउंटरवर थारा नव्हता, तो याच शहराचा मानला जातो. लिटल टोकियो या इथल्या जपानी वस्तीत ‘टोकियो काइकान’ नावाचं रेस्टॉरंट होतं. साठच्या दशकात तिथल्या इचिरो माशिता या शेफने ट्यूनाच्या चरबीदार पोटाऐवजी अव्होकाडो वापरला, असं सांगतात. ते पोट बारा महिने मिळत नसे, आणि अव्होकाडोचा लोण्यासारखा गर तोंडात तसाच विरघळतो. व्हँकूव्हरचे हिदेकाझू तोजो या रोलचं श्रेय स्वतःकडे घेतात, तो वाद चालूच राहील. नोरीची काळी गुंडाळी बघून बिचकणाऱ्यांसाठी पुढे भात बाहेर आला आणि नोरी आत गेली. शुद्धतेचे भोक्ते या रोलला नाकं मुरडतात. मला तो आवडतो, फक्त त्यातला खेकडा खरा हवा. दुसऱ्याच माशाचा लगदा करून त्याला लाल रंग लावलेल्या त्या कांड्या नकोत.

२०१४ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात कायदा आला, की तयार अन्नाला उघडा हात लावायचा नाही, हातमोजे घाला. हातमोजे घालून सुशी वळायची! भात हाताला किती चिकटतो, किती दाब पुरतो, हे बोटांनाच कळतं. सुशीवाल्यांनी आणि बारवाल्यांनी एवढा गदारोळ केला, की काही महिन्यांतच ते कलम रद्द झालं.

पण सुशी रोज कोण खातं? माझा जीव रमतो तो फर्स्ट स्ट्रीटवर, लिटल टोकियोत. काचेमागे मेणाचे वाटावेत असे प्लॅस्टिकचे नमुने मांडलेले, आत करी-राइस, कात्सू, केचपच्या भातावर ऑम्लेट. इथे कोणी हुकूम सोडत नाही, चहा मात्र न मागता येतो. या रस्त्याने पाहिलंय बरंच. १९४२ साली राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास माणसांना छावण्यांत डांबलं. त्यातले बहुतेक जन्माने अमेरिकन नागरिक होते. लिटल टोकियो ओस पडला. रिकाम्या घरांत दक्षिणेकडून कामासाठी आलेले कृष्णवर्णीय राहायला आले आणि काही वर्षं ही वस्ती ब्राँझव्हिल झाली. युद्ध संपल्यावर परतलेल्यांनी दुकानं पुन्हा थाटली. १९०३ पासूनचं ‘फुगेत्सु-दो’ हे मोची या मिठाईचं दुकान आजही त्याच रस्त्यावर आहे. १९७२ पासूनच्या ‘सुएहिरो कॅफे’ला मात्र २०२४ च्या सुरुवातीला फर्स्ट स्ट्रीटवरची जागा सोडावी लागली आणि ते मेन स्ट्रीटवर गेलं. त्याच वर्षी लिटल टोकियोचं नाव देशातल्या सर्वांत धोक्यात आलेल्या ऐतिहासिक ठिकाणांच्या यादीत लागलं. छावण्यांतून परतलेली वस्ती आता भाड्यापुढे हात टेकते आहे, आणि याचा मला राग येतो.

आता आपल्या मंडळींचा प्रश्न. मासे खाणाऱ्यांची फारशी अडचण नाही. कच्चं नको असेल त्यांना मी उनागी मागवून देतो. गोडसर सॉस लावून भाजलेला, आपल्या वामीच्या गोतातला मासा. माझ्या मालवणच्या मावशीने पहिल्या घासाला तो ओळखला आणि दुसरी प्लेट मागवली. कसोटी लागते ती शाकाहाऱ्यांची. ‘मिसो सूप म्हणजे सोयाबीनचंच ना?’ हो, पण ज्या पाण्यात ते कालवतात ती दाशी, आणि दाशी बहुधा सुकवलेल्या, तासलेल्या बोनिटो माशाची. तळलेल्या तोफूखालचा रस्सा तोच, पालकाच्या गार भाजीवर तोच. गोडसर अंड्याच्या वड्यांतही तो असतो. फक्त कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाची आणि शिताके मशरूमची दाशीही होते. बौद्ध मठांतला स्वयंपाक तिच्यावरच चालतो. साध्या रेस्टॉरंटात मात्र ती क्वचित असते. काकडीची माकी, अव्होकाडो, नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन आणि एदामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, एवढ्यावर पोट भरतं, जेवल्यासारखं वाटत नाही. ओमाकासेच्या, म्हणजे शेफ देईल ते खायच्या, काउंटरवर तर शाकाहारी माणसाने जाऊच नये. शेफलाही त्रास, आपल्यालाही.

तरीही जायचंच असेल तर आधी फोन करा. ‘आम्ही व्हेजिटेरियन आहोत’ एवढंच सांगून भागत नाही, समोरचा बिनदिक्कत ‘हो, चालेल’ म्हणतो आणि बोनिटोचा विचारही त्याच्या मनात येत नाही. दाशी कशाची आहे, ते थेट विचारा. उत्तर द्यायला तो अडखळला, तर टेबल दुसरीकडे राखून ठेवा.