विकायच्या घराला रंग देण्याआधी

पावसाळा सरला की कोकणातल्या आपल्या गावांत बंद घरांच्या विक्रीची बोलणी सुरू होतात. मुलं मुंबईला किंवा आखातात, अम्मी-अब्बा हयात नाहीत, बहिणींचे हिस्से द्यायचे असतात. मग घरात पहिला प्रश्न निघतो, "रंग देऊन घ्यावा का?"

जरूर घ्यावा, पण सगळ्यात शेवटी. आधी अंगणातलं गवत काढा, पालापाचोळा उचला. जांभ्याच्या गडग्यावरचं शेवाळ ताठ ब्रशने घासून धुवा. फुटकी कौलं बदला, पन्हळी साफ करा. गंजलेलं फाटक काचकागदाने घासून त्यावर रेड ऑक्साइड आणि मग ऑइलपेंट लावा. पडवीतला दिवा लागतो ना, तेही पाहा. एवढ्यानेच घर राहतं वाटू लागतं. खर्चही बेताचा होतो.

आता भिंती. ओल कुठून येते ते शोधून पाणी बंद करा आणि भिंत पुरती वाळू द्या. कोकणात याला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. नवा गिलावा केला असेल तर महिनाभर थांबा. मग सुटलेला रंग खरवडून, भेगा भरून, प्रायमर आणि बाहेरच्या रंगाचे दोन हात द्या. घरातलं डिस्टेंपर बाहेर टिकत नाही. मातीच्या जुन्या भिंतीला चुनाच बरा. भारी फरश्या, नवं कमानीचं फाटक यांत पैसा घालू नका. घेणारा आपल्या आवडीने ते बदलतोच. जो खर्च कराल तो सगळ्या वारसांना आधी विचारून आणि वहीत लिहूनच करा. बहिणीच्या हिश्श्यातून मागाहून परस्पर कापू नका.

आणि ओल थांबलीच नाही तर? तर तिच्यावर रंग फासू नका. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आतलं धान्य ओलं लागलं. पावसाने भिजलं, असं विक्रेता म्हणाला. मग ते लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विचारलं आणि फसवणारा आपल्यातला नाही, असं बजावलं. ओल्या भिंतीवरचा कोरडा रंग म्हणजे तीच रास.

कायदाही हेच सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष आपणहून सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे.

म्हणून घर दाखवताना गळणारा कोपरा आधी दाखवा, करारातही तसं लिहा. किंमत थोडी उतरेल. पण घेणारा बहुधा आपल्याच मोहल्ल्यातला असतो. ईदला त्याच्या दारावरून जाताना मान खाली घालावी लागणार नाही.